कपाटाची चावी कुणाकडे असते?

वाचक भगिनीचं पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.

मी दक्षिण गोव्यातल्या एका पालिकेत हेड क्लार्क आहे. वय 44. एलडीसी (कनिष्ठ लिपिक) आणि यूडीसी (वरिष्ठ लिपिक) म्हणून 19 वर्षं काढली, गेल्या वर्षी बढती मिळाली. जन्म-मृत्यू नोंदणी, ट्रेड लायसन्स आणि घरपट्टी माझ्याकडे. हाताखाली सहा जण आहेत: एक यूडीसी, तिघे एलडीसी, एक वसुली क्लार्क आणि एक शिपाई.

बढतीनंतर प्रशिक्षण झालं. तिथे 'सर्व्हंट लीडरशिप'वर एक सत्र होतं. वरिष्ठाने आधी आपल्या माणसांची सेवा करायची, मग ती माणसं लोकांची सेवा चांगली करतात, असं सांगितलं. मला ते फार भावलं. माझे पूर्वीचे एक साहेब फाइल अंगावर फेकत. आपण तसं कधीच वागायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं होतं.

आज काय झालंय बघा. सकाळी सव्वानऊला येते, संध्याकाळी सातला निघते. दाखल्यांच्या दुरुस्तीच्या नोट्स मीच लिहिते, लायसन्सच्या फाइली मीच तपासते, कुणी रजेवर गेलं की त्याच्या टेबलावर मीच बसते. एक एलडीसी रोज साडेदहाला उगवतो, मी काही बोलत नाही. एक मुलगी फार हुशार आहे, पण विचारल्याशिवाय एक कागद पुढे सरकवत नाही. कुणी काही मागितलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "मॅडमाक विचार." गेल्या महिन्यात नातवाच्या जन्म दाखल्यातलं एक अक्षर बदलायला आलेल्या आजींना चौथ्यांदा परत जावं लागलं, कारण मी मीटिंगला होते. दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासमोर रडल्या. घरी नवरा म्हणतो, तू हेड क्लार्क नव्हे, हमाल झालीस. मुख्याधिकारी पेंडिंगचे आकडे मागतात आणि ते वाढतच चाललेत.

सेवाभावाने वागून कर्मचाऱ्यांची कामगिरी खरंच सुधारते का? उशिरा येणाऱ्याला मेमो दिला तर तो सेवाभाव उरतो का? नगरसेवकांचे फोन थेट माझ्या मुलामुलींना येतात, त्याचं काय करू? की बदलीच मागू? अर्ज लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

तुमची,
एक हेड क्लार्क

---

उत्तर:

प्रिय भगिनी,

त्या आजींपासून सुरुवात करते, कारण तुमचं पत्र वाचताना माझा जीव तिथे अडकला.

एका अक्षरासाठी चार खेपा. आपल्याकडे हे अक्षर किती महत्त्वाचं असतं ते तुम्हाला सांगायला नको. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या कागदावर नाईक या आडनावाच्या शेवटी 'क्यू-यू-ई' असतं, बापाच्या शाळेच्या दाखल्यावर 'के' असतं, आणि नातवाच्या जन्म दाखल्यावर यातलं काय लागणार त्यावर त्याचा पासपोर्ट अडतो. उद्या घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली वाटणी, करायची वेळ आली तर तीही अडते. आजींना हे नीट कळत असणार, म्हणून तर त्या चार वेळा आल्या. चौथ्या खेपेला तुमच्या विभागात तीन एलडीसी आणि एक यूडीसी बसलेले होते. चौघांनाही दुरुस्तीची नोट कशी करतात ते ठाऊक असावं, निदान यूडीसींना तरी. तरीही त्या रिकाम्या हाताने परतल्या, कारण तुमच्या विभागात 'हो' म्हणू शकणारं माणूस एकच उरलंय आणि ते मीटिंगला गेलं होतं.

हे तुमच्या दुष्टपणाने झालेलं नाही. तुमच्या चांगुलपणानेच झालंय, आणि म्हणून ते तुम्हाला दिसत नाहीये. तुम्ही सहा जणांवरचा भार हलका करायला गेलात आणि भाराबरोबर त्यांचा अधिकारही काढून घेतलात. फाइल अंगावर फेकणारे साहेब त्यांना घाबरवून गप्प बसवत, तुमच्या हाताखाली ते मायेने गप्प बसलेत. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला यातला फरक कळत नाही.

तुम्हाला प्रशिक्षणात जे सांगितलं, त्याचं मूळ थोडं सांगते. रॉबर्ट ग्रीनलीफ हे अमेरिकेतल्या ए टी अँड टी या टेलिफोन कंपनीत सुमारे चार दशकं नोकरी केलेले गृहस्थ. निवृत्तीनंतर, 1970 साली, त्यांनी ही कल्पना एका निबंधात मांडली. सेवा करण्याची इच्छा आधी, पुढारपण नंतर, असं त्यांचं म्हणणं. पण मला त्यांच्या मांडणीत सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांनी दिलेली कसोटी. ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का? अधिक शहाणी, अधिक मोकळी, स्वतःच्या पायावर उभी राहिली का? त्यांनाही दुसऱ्यासाठी काही करावंसं वाटू लागलं का? आणि समाजातल्या सगळ्यात खालच्या माणसाचं काय झालं, त्याला फायदा झाला की निदान त्याचं नुकसान तरी टळलं? तुम्ही किती राबलात, हा प्रश्न या कसोटीत कुठेच येत नाही. आता हीच कसोटी आपल्या सहा जणांना लावून बघा. गेल्या वर्षभरात त्यांच्यापैकी कुणाला असं काही येऊ लागलं का, जे आधी येत नव्हतं?

मी 1988 साली एलडीसी म्हणून लागले. कार्यालयाचं नाव सांगत नाही, ती माणसं आता हयातही नसतील. माझ्याकडे जन्म नोंदणीचं रजिस्टर होतं. पहिल्याच वर्षी मी एका मुलाच्या वडिलांचं आडनाव चुकवलं, हेच 'के' आणि 'क्यू-यू-ई'चं प्रकरण. साहेबांनी भर काउंटरवर, लोकांच्या देखत, रजिस्टर माझ्यासमोर आपटलं आणि शाळेत काय शिकलीस म्हणून विचारलं. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. पण त्याहून वाईट गोष्ट पुढे घडली. त्यानंतर तीन वर्षांत माझ्याच हाताच्या आणखी काही चुका मला रजिस्टरमध्ये दिसल्या आणि मी कुणालाही सांगितल्या नाहीत. पान उलटलं आणि गप्प बसले. त्या कुटुंबांनी पुढे कुठे कुठे हेलपाटे घातले असतील, याचा विचार आजही मनात येतो आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग साहेब बदलले. नवे साहेब आले आणि पहिल्या आठवड्यात आपल्या केबिनमध्ये बसलेच नाहीत. माझ्या शेजारी, काउंटरवर, खुर्ची घेऊन बसले. बोलत नव्हते फारसे, बघत होते. जुन्या वर्षांची रजिस्टरं तेव्हा व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत एका लोखंडी कपाटात असायची. कपाटाची चावी शिपायाकडे, आणि शिपाई बहुतेक वेळ बँकेत नाहीतर पोस्टात. म्हणजे जुना दाखला मागायला कुणी आलं की मी आधी शिपायाला शोधायचं, मग खोलीत जायचं, रजिस्टर आणायचं, नोंद बघायची, परत ठेवायचं. तोवर इकडे रांग. शिपाई सापडला नाही की "फाल्यां यो," उद्या ये. मला वाटायचं मी मंद आहे. साहेबांनी मंगळवारी आणि बुधवारी माझ्या फेऱ्या मोजल्या. गुरुवारी शिपायाला बोलावून त्याचं म्हणणं ऐकलं. तो म्हणाला, चावी सांभाळायची जबाबदारी माझ्यावर टाकलीय, हरवली तर माझ्या पगारातून कापतील, म्हणून मी कुणाला देत नाही. शुक्रवारी चार माणसं लावून कपाट माझ्या पाठीमागच्या भिंतीला आणलं आणि दुसरी चावी करून माझ्या टेबलाच्या खणात ठेवली, तशी लेखी नोंद करून. बस्स, एवढंच. माझं काम दुपटीने होऊ लागलं. त्यांनी माझ्याऐवजी एकही दाखला लिहिला नव्हता.

पुढच्या सोमवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना जमवून विचारलं, "आणखी काय नडतं?" कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या सोमवारी पुन्हा विचारलं. तिसऱ्या सोमवारी आमच्यातल्या एकाने कार्बन पेपरची तक्रार केली, आणि बुधवारी कार्बन पेपर आले. मग मात्र सगळे बोलू लागलो. त्याच सुमारास त्यांनी चुकांविषयी एक नियम घातला. "संध्याकाळपर्यंत जी चूक मला कळेल ती निस्तरायची जबाबदारी माझी, जी लपवाल ती तुमची." महिनाभर मी झुरत राहिले. मग एका संध्याकाळी मी ते जुनं रजिस्टर घेऊन साहेबांकडे गेले आणि "म्हजी चूक जाली" म्हणून एकेक पान दाखवलं. ते ओरडले नाहीत. त्या कुटुंबांना पत्रं कशी पाठवायची आणि दुरुस्ती कोणत्या पुराव्यावर करायची, ते मला शिकवत बसले. नंतरच्या काही महिन्यांत आमच्या कार्यालयात नोंदल्या गेलेल्या चुका वाढल्या. वरून विचारणा झाली तेव्हा साहेबांनी लिहून कळवलं की चुका जुन्याच आहेत, फक्त आता दिसू लागल्यात.

पुष्कळ वर्षांनी मला कळलं की एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक बाईंना 1990च्या दशकात रुग्णालयांत नेमकं हेच आढळलं होतं. चांगल्या चमूंमध्ये औषधं देताना कमी चुका होत असतील, असं त्यांना वाटलं होतं. आकडे उलटे आले, तिथेच जास्त चुका नोंदलेल्या. कारण तिथल्या परिचारिका चूक सांगायला घाबरत नव्हत्या. हे वाचलं तेव्हा मला आमचं लोखंडी कपाट आठवलं.

आता तुमचा पहिला प्रश्न, कामगिरी सुधारते का. सुधारते, असं सांगणारे अभ्यास आहेत. 2016 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास चीनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवरचा आहे. वरिष्ठ सेवाभावी असेल तर हाताखालच्यांची कामगिरी चांगली होते, आणि ती ज्या वाटेने चांगली होते ती वाट म्हणजे लोकसेवेची ओढ, असं त्यात दिसलं. या ओढीबद्दल पेरी आणि वाइज या अभ्यासकांनी 1990 सालीच लिहिलं होतं. पगार आणि बढतीपलीकडे, आपल्या हातून लोकांचं काम व्हावं ही इच्छा माणसांना सरकारी नोकरीत टिकवते आणि राबवते, असं त्यांचं प्रतिपादन. मला हे पटतं, कारण तुमच्याकडे दुसरं आहे काय? तुम्ही कुणाचा पगार वाढवू शकत नाही, बोनस देऊ शकत नाही, बढती ज्येष्ठतेने आणि वरून होणार. हेड क्लार्कच्या हातात कामाची वाटणी, रजेची शिफारस, नोटवरचा शेरा आणि काउंटरवर सर्वांदेखत उच्चारलेला शब्द, एवढंच असतं. मात्र या विषयावरचे बरेचसे अभ्यास प्रश्नावल्यांवर उभे आहेत, हेही लक्षात ठेवा. जिथे माणसं मुळात चांगली काम करतात तिथे वरिष्ठही चांगलाच वाटतो, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे दर वेळी सुटं करता येत नाही. आणि एक गोष्ट बहुतेक सत्रांत सांगायची राहते. या कल्पनेचं मोजमाप करायला 2008 साली जी मापनपद्धती तयार झाली, तिच्या सात अंगांत आपुलकी आणि सचोटी यांच्या जोडीला कामाची पक्की समजही आहे. नुसता गोड स्वभाव पुरत नाही. तुम्हाला काम येतं, 19 वर्षं टेबलावर काढलीत, ही तुमची जमेची बाजू आहे.

त्या हुशार मुलीकडून सुरुवात करा. ती विचारल्याशिवाय कागद सरकवत नाही, कारण आजवर कुणी तिला न विचारता सरकवलेल्या कागदाचं काय होतं ते निर्भयपणे बघू दिलेलं नाही. पुढच्या दुरुस्तीच्या अर्जाला ती "मॅडम, काय करू?" म्हणून आली की लगेच उत्तर देऊ नका. "तुला काय वाटतं?" असं विचारा आणि थांबा. हे थांबणं तुम्हाला जड जाईल, कारण उत्तर तुम्हाला दोन सेकंदांत ठाऊक असतं. तिला नोट लिहू द्या. चुकली तर पेन्सिलीने खूण करा, कारण सांगा आणि तिच्याकडेच परत द्या, स्वतः नवी लिहू नका. कारकुनी चूक कोणती आणि नावबदल कोणता, ज्याला 1990चा वेगळा कायदा लागतो, याची पाच-सहा जुनी उदाहरणं काढून तिला द्या. सही ज्याची आहे त्याचीच राहील, कायद्याने ती हलवता येत नाही. पण सहीपर्यंतचा सगळा विचार तिचा असू शकतो. आणि तुम्ही मीटिंगला असाल त्या दिवशी अर्ज घेणं, कागद पुरे आहेत का ते तपासणं आणि नक्की कोणत्या दिवशी यायचं ते सांगणं, एवढा अधिकार तिला लेखी द्या. आजींची दुसरी, तिसरी आणि चौथी खेप तेवढ्याने वाचली असती.

पहिला महिना काम मंद होईल. मुख्याधिकाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

वसुली क्लार्कबद्दल तुम्ही पत्रात एक अक्षरही लिहिलेलं नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटते. आपल्याकडे घरपट्टीच्या यादीत कितीतरी घरं अजून पणजोबांच्या नावावर आहेत. चार भाऊ, चार वाटे, पट्टी कुणी भरायची यावर वाद. पुष्कळ घरांना कुलूप, मालक मुंबईला किंवा परदेशात, चवथीला येणार. हा माणूस उन्हातान्हात त्या याद्या घेऊन फिरतो, लोकांची बोलणी खातो आणि मार्चअखेर वसुली कमी म्हणून कार्यालयातही बोलणी खातो. त्याच्याबरोबर एक सकाळ चालून बघा. यादीतली किती नावं मृतांची, किती घरं बंद आणि कोण खरोखर भरत नाही, या तिन्ही याद्या वेगळ्या करून दिल्या तर त्याचा आकडा आपोआप बदलेल. बंद घरांची यादी चतुर्थीच्या आठवड्यात बाहेर काढायची, तेव्हाच ती दारं उघडी असतात. हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असेल. विचारलंय का कुणी?

इथे थोडं विषयांतर करते, राहवत नाही म्हणून. दर 2 ऑक्टोबरला हातात झाडू घेऊन काढलेले वरिष्ठांचे फोटो मी बघते. त्या झाडण्याला माझी हरकत नाही. पण सफाई कामगारांना गमबूट जूनच्या आधी मिळाले की ऑगस्टमध्ये, हातमोजे फाटल्यावर नवे मागायला किती अर्ज करावे लागले, माटोळीच्या (चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजाराचा कचरा उचलून झाल्यावर हात धुवायला आणि टेकायला जागा होती का, यावरून मी पालिकेच्या नेतृत्वाची परीक्षा करते. ग्रीनलीफ यांच्या कसोटीतला सगळ्यात खालचा माणूस आपल्या पालिकांत तोच आहे, आणि त्यातले पुष्कळ कंत्राटी किंवा रोजंदारीवरचे आहेत. तो विभाग तुमचा नसला तरी त्यांची एखादी फाइल तुमच्या टेबलावरून जात असेल तर ती त्या दिवशी अडू देऊ नका.

साडेदहाला येणाऱ्याचं आता. मेमो दिला तर सेवाभाव संपत नाही. साडेनऊ ते साडेदहा या तासात त्याचं काउंटर कोण सांभाळतं? बहुधा तीच मुलगी. म्हणजे तुमच्या गप्प बसण्याची किंमत ती भरतेय, रोज एक तास, आणि बाकीचे बघतायत. एकाला सांभाळून घेण्यासाठी पाच जणांवर केलेला हा अन्याय आहे. आधी त्याला एकट्याला बसवून विचारा. कदाचित घरी कुणी अंथरुणावर असेल, कदाचित बस एकच असेल. खरं कारण असलं तर मुख्याधिकाऱ्यांकडून लेखी सवलत मिळवून द्या आणि तेवढा वेळ तो संध्याकाळी भरून काढेल असं ठरवा, सगळ्यांना सांगून. कारण नसलं तर तारखेसह तोंडी समज, मग मेमो, मग नियमाप्रमाणे वरती. चारचौघांत बोलू नका. आवाज चढवू नका. पण सोडूनही देऊ नका. आमच्या त्या साहेबांनीही एकाला मेमो दिला होता, आणि त्या दिवशी आम्हाला ते कमी आवडले असं झालं नाही. उलट आपण वेळेवर येतो याची कुणीतरी कदर करतंय, असं वाटलं.

फोनचा प्रश्न आपल्या गोव्यात जरा वेगळाच आहे. 2011च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोकसंख्या, त्यात 40 आमदार, आणि पालिकेचे प्रभाग तर त्याहून कितीतरी लहान. सगळे सगळ्यांना ओळखतात. नगरसेवक त्या एलडीसीच्या आत्याच्या शेजारी राहतो. अशा वेळी 'नाही' म्हणणं त्या पोराच्या ताकदीपलीकडचं असतं, आणि तिथे उभं राहणं हे तुमचं काम आहे. विभागात स्पष्ट सांगा, असा फोन आला की नम्रपणे "मॅडमांशी बोला" म्हणायचं. "मॅडमाक विचार" हे वाक्य तिथे मात्र शोभतं. फोन तुम्ही घ्या. आदराने घ्या, कारण तो लोकांनी निवडलेला प्रतिनिधी आहे आणि आपल्या मतदाराचं काम का अडलं हे विचारायचा त्याला अधिकार आहे. पुष्कळदा त्या फोनमधूनच आपल्याला कळतं की काय तुंबलंय. अर्जाचा आवक क्रमांक विचारा, कुठे आहे ते बघून खरं उत्तर द्या. रांग मोडायला सांगितलं तर तेवढं लेखी पाठवा म्हणा, फाइलवर लावते. बहुतेक जण लेखी देत नाहीत. एक-दोघं रागावतील आणि वर तक्रार करतील. ती तक्रार तुमच्या अंगावर येऊ द्या, पोरांच्या नको. तुमच्याकडची माणसं हे बघतील, आणि दहा प्रशिक्षणांनी जो विश्वास येत नाही तो त्या एका दिवशी येईल.

मुख्याधिकाऱ्यांना आकडे हवेत, तर द्या, पण चांगले आकडे द्या. ठरावीक मुदतीत सेवा देण्याचा कायदा गोव्यात 2013 साली झालाय. नुसतं 'पेंडिंग किती' यापेक्षा 'मुदतीबाहेर किती' हे वेगळं काढा. आणि माझी एक जुनी सवय उचला. अर्जदार जितक्या वेळा काउंटरवर येईल तितक्या पेन्सिलीच्या रेघा त्याच्या अर्जाच्या कोपऱ्यात ओढायच्या. महिनाअखेरीस निकाली निघालेल्या अर्जांवरच्या रेघा मोजायच्या. आजींच्या अर्जावर किमान चार होत्या. ही सरासरी खाली आली तर तुमच्या माणसांची कामगिरी सुधारली असं बेलाशक समजा. तीन रेघांच्या वरचा प्रत्येक अर्ज सोमवारी सगळ्यांनी मिळून बघायचा. कुणाची चूक, हे विचारायचं नाही. काय नडलं, ते विचारायचं. कधी सर्व्हर डाऊन निघेल, कधी चुकीचा छापील फॉर्म, कधी तुम्हीच.

सगळं तुमच्या हाताने सुटणार नाही. रिकामी पदं भरणं तुमच्या हातात नाही, कंत्राटी माणसाला कायम करणं तुमच्या हातात नाही, आणि मुख्याधिकारी उद्या बदलले तर घडी विस्कटू शकते. म्हणूनच जे काही ठरवाल ते कागदावर आणा, म्हणजे तुमच्या खुर्चीत उद्या दुसरं कुणी आलं तरी दुसरी चावी खणातच राहील.

यजमानांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी वापरलेला शब्द तुम्हाला लागला, पण ते रोज सातनंतर तुमची वाट बघतात आणि त्यांना तुमचा थकवा दिसतो. पावणेसहाला कार्यालय सुटलं की निघायचं. महिन्यातून एखाद्या दिवशी थांबावं लागलं तर थांबा, पण तुम्ही रोज सातपर्यंत बसता तोवर तुमच्या यूडीसींना घरी जाताना चुकल्यासारखं वाटतं, नाहीतर काम तुमच्यावर टाकून जायची सवय होते. दोन्ही नको.

बदलीचा अर्ज तूर्त ड्रॉवरमध्येच राहू द्या. फाडू नका, तो आहे याचाही धीर असतो. आधी एक आठवडा काउंटरवर खुर्ची टाकून बसा आणि तुमच्याकडचं लोखंडी कपाट कुठे आहे ते शोधा. शिपायाला विचारायला विसरू नका. आणि आजींचा पत्ता अर्जावर असेलच. त्यांचा दाखला अजून दिला नसेल तर तो त्या मुलीच्या हातून, तिनेच लिहिलेल्या नोटवर होऊ द्या, आणि झाला की आजींना फोनही तिलाच करू द्या. आजी फोनवर काय म्हणाल्या ते मला कळवा.

तुमची ताई